सभेचे मन राखावे किती?

छापील पुस्तक वाचताना एखादे वाक्य मनास लागले, तर ते मिटून बाजूला ठेवण्याची वाचकाला मुभा असते. काही दिवस जाऊ देऊन ते पुन्हा उघडण्याचीही असते, आणि आपला संताप इतर कोणाच्या दृष्टीस न पडता एकांतात जिरवताही येतो. रंगमंचासमोर बसलेल्या मनुष्याला यातली कोणतीच सोय नाही. त्याच्या डाव्या-उजव्या हाताला अनोळखी शेजारी असतात, समोरचा नट हाडामांसाचा असतो, एकदा उच्चारलेले वाक्य मागे घेता येत नाही, आणि ज्या वाक्याने त्याचे काळीज चिरले त्याच वाक्याला उरलेले सभागृह कदाचित हसून दाद देत असते. प्रयोग करणाऱ्याने प्रेक्षकांचे मन दुखवू नये ही अपेक्षा या परिस्थितीतून उत्पन्न झालेली आहे, म्हणून ती भित्र्या माणसांची कल्पना म्हणून झटकून टाकता येत नाही. परंतु याच अपेक्षेचा आधार घेऊन गेल्या दीडशे वर्षांत आपल्याकडे नाटके बंद पाडण्यात आली, तमाशांवर मनाई हुकूम निघाले, लेखकांच्या संहितांवर लाल पेन्सिली फिरल्या, हेही तितकेच खरे आहे.

या प्रश्नाचे दोन पक्ष मी दोन माणसांच्या तोंडून वारंवार ऐकत आलो आहे. एक नारदीय परंपरेतले वृद्ध कीर्तनकार. त्यांचा सगळा जन्म देवळांच्या सभामंडपांत गेलेला. दुसरे हौशी आणि व्यावसायिक अशा दोन्ही रंगभूमींवर तालीममास्तर म्हणून वावरलेले. दोघेही आपापल्या गादीशी प्रामाणिक आहेत, आणि दोघांचेही म्हणणे ऐकून घेण्यासारखे आहे, म्हणून त्यांच्या वादाचे सार संवादरूपाने पुढे मांडतो.

बुवा : मास्तर, आमच्या गादीचा पहिला धडा असा की, समोर बसलेली सभा आपल्यापेक्षा थोर मानून तिला नमस्कार केल्यावाचून तोंड उघडू नये. त्या सभेत कोणी नुकताच सुतक फेडून आलेला असतो, कोणाची लेक सासर सोडून घरी परत आलेली असते, कोणी जमीन गहाण टाकून बसलेला असतो. आख्यान हरिश्चंद्राचे असो की सुदाम्याचे, बोलण्याच्या ओघात मी एखाद्या विधवेच्या कपाळावर किंवा गरिबाच्या फाटक्या धोतरावर कोटी केली, तर शंभर माणसे हसतील आणि एक माणूस मान खाली घालील. तो माणूस देवळात मनाची शांती मिळवायला आला होता, आणि मी त्याला आला होता त्याहून जड मनाने घरी पाठवले. म्हणून मी म्हणतो की, सभेपुढे उभे राहणाऱ्याने कोणाचेही मन दुखवू नये. तुम्ही नाटकवाले मात्र मन दुखवणे हाच पुरुषार्थ समजू लागला आहात.

मास्तर : बुवा, आपला नियम ऐकायला गोड आहे, परंतु तो पाळला असता तर मराठी रंगभूमी 'शारदे'पर्यंतही पोचली नसती. गोविंद बल्लाळ देवलांचे 'संगीत शारदा' १८९९ साली रंगभूमीवर आले, तेव्हा द्रव्याच्या बळावर कोवळ्या पोरीशी लग्न लावू पाहणारे भुजंगनाथ समाजात जागोजाग होते, आणि पोटच्या पोरीचा सौदा करणारे कांचनभटही होते. त्यांतले काही तिकीट काढून थिएटरातही बसले असतील. त्यांचे मन राखायचे ठरवले असते, तर देवलांना लेखणी खाली ठेवावी लागली असती. आणि नाट्याचा आरंभच मुळी कसा झाला, हे आपल्यासारख्या व्युत्पन्न माणसाला मी सांगायला नको. भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात पहिल्याच अध्यायात कथा आहे की, इंद्राच्या ध्वजमहोत्सवात पहिला प्रयोग झाला, त्यात देवांचा जय आणि दैत्यांचा पराजय दाखवला गेला, आणि प्रेक्षकांत बसलेले दैत्य इतके क्षुब्ध झाले की त्यांनी विघ्नांना हाताशी धरून नटांची वाणी, हालचाल आणि स्मृती जागच्या जागी थिजवून टाकली. म्हणजे पहिल्या प्रयोगालाच प्रेक्षकांपैकी एका पक्षाचे मन दुखावले होते. ही कथा शास्त्रकाराने पहिल्या पानांतच घातली, कारण नाट्य आणि रोष यांची गाठ जन्मापासूनची आहे हे तो जाणत होता.

बुवा : कथा तुम्ही अर्ध्यावर सोडलीत. इंद्राने ध्वजाचा दंड उचलून विघ्नांना झोडपले, तो दंड जर्जर म्हणून पुढे रंगमंचावर पूज्य झाला, परंतु एवढ्यावर प्रकरण मिटले नाही. विघ्ने पुन्हा उपद्रव करू लागली. तेव्हा ब्रह्मदेवाने विश्वकर्म्याकडून नाट्यगृह बांधवले, त्याच्या रक्षणासाठी देवतांच्या नेमणुका केल्या, विदूषकाचे रक्षण तर प्रत्यक्ष ओंकाराकडे सोपवले. आणि इतका बंदोबस्त झाल्यावरही दैत्यांशी सामोपचाराने बोलणी केली. विरूपाक्षाने तक्रार मांडली की, पितामह जसे देवांचे तसेच आमचेही, मग आमची अवहेलना का? ब्रह्मदेवाने ती तक्रार हसण्यावारी नेली नाही. त्याने उत्तर दिले. आणि त्याच ग्रंथाच्या अखेरीस काय आहे तेही स्मरा. भरताच्या पुत्रांना कलेचा मद चढला, त्यांनी प्रहसनांतून ऋषींची विटंबना मांडली, आणि त्यांना शाप मिळाला. एकाच शास्त्राच्या आरंभी रुष्ट झालेल्या प्रेक्षकांचे समाधान आहे, आणि शेवटी उन्मत्त झालेल्या नटांना शासन आहे.

मास्तर : शाप मला मान्य आहे, परंतु पहिल्या कथेतले एक कलम आपण वगळलेत. ब्रह्मदेवाने विरूपाक्षाची समजूत घातली, नाट्यात केवळ तुमचे किंवा केवळ देवांचे चित्रण नसून तिन्ही लोकांच्या भावांचे अनुकीर्तन आहे असे सांगितले, पण प्रयोग मागे घेतला नाही आणि दैत्यांचा पराजय बदलून जयही केला नाही. रुष्ट झालेल्या प्रेक्षकाला उत्तर द्यावे, त्याच्याशी बोलावे, त्याला मानाने बसवावे, हे सगळे मला कबूल आहे. त्याच्या रोषाला संहितेचा धनी करावे, हे मला कबूल नाही. कारण एकदा रोषाला तो अधिकार दिला, की बलवंताचा रोष आधी येऊन बसतो. १८७६ च्या आरंभी वेल्सचे युवराज कलकत्त्यास आले असता एका बड्या वकिलाने त्यांना आपल्या घरातल्या स्त्रियांच्या हस्ते ओवाळून घेतले, त्यावर तिथल्या ग्रेट नॅशनल थिएटरने प्रहसन रचले, आणि लगेच व्हाइसरॉय नॉर्थब्रुक यांचा वटहुकूम निघाला. वर्षाअखेर त्याचा कायदा झाला. प्रयोगास हजर असणाऱ्यांची नीती बिघडेल, कोणाची बदनामी होईल, सरकारविषयी अप्रीती उत्पन्न होईल, अशी तीन कारणे त्यात एका रांगेत बसवली होती. लोकांच्या भावनांची काळजी आणि सरकारच्या इभ्रतीची काळजी एकाच दफ्तरात बांधली गेली, आणि त्या दफ्तराने १९१० साली खाडिलकरांचे 'कीचकवध' गिळले.

बुवा : 'कीचकवधा'चे उदाहरण तुम्ही माझ्याविरुद्ध देता, परंतु ते माझ्या बाजूचे आहे. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनी १९०७ साली लॉर्ड कर्झनचे नावही घेतले नाही. महाभारतातली कथा घेतली, आणि प्रेक्षकाने कीचकात कोणाला पाहायचे, भीमात कोणाला पाहायचे, हे त्याच्यावर सोपवले. आमच्या उत्तररंगाची रीत याहून वेगळी नाही. मी सावकाराला उभे करून शिव्या देत नाही. मी कथेतल्या लोभी माणसाची गत सांगतो, आणि सभेतला सावकार आपल्या जागी बसून आपली गत ओळखतो. चारचौघांत त्याचा पाणउतारा झाला नाही, आणि जे सांगायचे तेही सांगून झाले. ही आडून बोलण्याची कला तुमच्या पिढीने टाकून दिली, आणि समोरासमोर थोबाडीत मारण्याला धैर्य म्हणू लागली.

मास्तर : आडून बोलण्याची कला थोर आहे, पण ती सगळ्याच दुःखांना पुरत नाही. विजय तेंडुलकरांचे 'गिधाडे' १९७० साली डॉ. श्रीराम लागूंनी रंगभूमीवर आणले. त्यात गर्भपात झालेल्या स्त्रीच्या लुगड्यावर रक्ताचा डाग दिसतो. परिनिरीक्षण मंडळाने त्या लाल डागाला हरकत घेतली, तेव्हा डाग निळा करण्यात आला, आणि हा निळा डाग लाल समजावा अशी विनंती प्रेक्षकांना प्रयोगाआधी करण्यात आली. आता विचार करा, बुवा, त्या प्रेक्षागृहातल्या कोणत्या माणसाचे मन निळ्या रंगाने वाचले? ज्या स्त्रीने घराच्या चार भिंतींआड मार सोसला तिला तो डाग खोटा वाटला असता काय? पुढे १९७२ साली 'सखाराम बाइंडर'चे काही प्रयोग होताच त्याची परवानगी मागे घेतली गेली, आणि कमलाकर सारंगांना ते नाटक करण्याचा हक्क हायकोर्टातून मिळवावा लागला. लग्नावाचून बायका घरात आणून ठेवणारा मनुष्य आणि त्याच्या आश्रयाला आलेल्या टाकलेल्या बायका हे वास्तव समाजात राजरोस होते. ते दिव्याच्या उजेडात आले एवढाच अपराध. तिथे मन दुखावले असेल तर ते दुखावायलाच हवे होते.

बुवा : मंडळाने लाल डाग पुसावा, हे मलाही पटत नाही. सरकारी कचेरीत बसून सभेचे मन कोणाला कळत नाही. ते कळते समोर उभे राहिल्यावर, श्वासाश्वासाला. पण मास्तर, तुम्ही दर वेळी देवल, खाडिलकर, तेंडुलकर ही नावे पुढे करून तुमच्या सगळ्या धंद्याला अभय मागता, ते मला मान्य नाही. अशा एका नाटकामागे किती फार्स झाले, त्यांत तोतरा नोकर ठेवला की हशा, काळी वा लठ्ठ मुलगी आणली की हशा, वऱ्हाडी वा मालवणी बोलणारा गडी दारातून आत आला, की त्याने काही बोलण्याआधीच हशा! मुंबईच्या रंगभूमीवर भय्या आणि मद्राशी कितीदा केवळ उच्चारांच्या चेष्टेसाठी उभे केले गेले! त्या प्रेक्षागृहात एखादा तोतरा मुलगा आईच्या शेजारी बसलेला असतो, त्याच्या बाजूने कोणता तेंडुलकर उभा राहतो? त्या हशाने समाजातली कोणती गाठ सुटली?

मास्तर : कोणतीच सुटली नाही. हा आक्षेप मी पूर्णपणे मान्य करतो, आणि तालमीत मी तो नटांना सांगतही असतो. मनुष्याने जे केले त्यावर रंगमंचाने बोट ठेवावे. जे त्याने केले नाही, जे त्याला जन्माने किंवा दैवाने मिळाले, त्यावर ठेवू नये. भुजंगनाथाचे म्हातारपण हास्यास्पद नाही. म्हातारपणी केलेला बाजार हास्यास्पद आहे. ही रेघ मला मान्य आहे. परंतु बुवा, या रेघेनेही सगळे वाद मिटत नाहीत. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली सत्यशोधक समाज स्थापला, आणि त्या चळवळीतून सत्यशोधकी जलसे निघाले. तमाशाचेच गण, गौळण, वग हे अंग घेऊन त्यांनी गावोगावच्या चावडीपुढे भटभिक्षुकीवर, मुहूर्तावर, श्राद्धावर आसूड ओढले. पुढे आंबेडकरी जलशांनी अस्पृश्यतेचा हिशेब सर्वांसमक्ष मांडला. गावातल्या वरच्या आळीला ते झोंबले, आणि आमच्या जातीचा अपमान झाला अशी फिर्यादही झाली असेल. ज्यांचा जन्मावरून पिढ्यानुपिढ्या अपमान होत आला, त्यांनी डफावर थाप मारून तो अपमान नुसता वर्णन करून सांगितला, तरी ऐकणाऱ्याला आपल्या जन्मावर घाला पडल्यासारखे वाटते. अशा वेळी आपले सभेचे मन म्हणजे कोणाचे मन? पुढे बसलेल्यांचे, की आजवर ज्यांना सभेत बसूच दिले नाही त्यांचे?

बुवा : हा प्रश्न मला वाटला होता त्याहून अवघड आहे, आणि मी त्याचे उत्तर माझ्याच परंपरेतून देतो. पैठणच्या नाथांनी भारुडे रचली. त्यांत वासुदेव आहे, जोशी आहे, वाघ्या-मुरळी आहेत, गोंधळी आहे, महार आहे. ब्राह्मण पंडिताने आपल्या तोंडी महाराचे बोलणे घेतले, आणि त्या मुखातून ब्राह्मणाला ज्ञान सांगवले. नाथांनी हिंदू-तुर्क संवादही लिहिला, त्यात दोघे एकमेकांच्या आचारांवर तुटून पडतात, काहीही राखून ठेवत नाहीत, आणि शेवटी एकमेकांना आलिंगन देतात. त्या बोलण्यात कठोरपणा कमी नाही. परंतु नाथ स्वतःला वर ठेवून खालच्यांना बोलत नाहीत. आणि आमच्या काळच्या गाडगे महाराजांकडे पाहा. ते एखाद्या गावात गेले की आधी हातातल्या खराट्याने गावचे रस्ते झाडीत, आणि मग संध्याकाळी त्याच गावाला कीर्तनात प्रश्न विचारीत : कर्ज काढून जेवणावळी का घालता, देवापुढे बकरे का कापता, माणसाला माणूस शिवला तर विटाळ कसा होतो? त्यांनी लोकांना सुनावले नाही असे एकही कीर्तन नसेल, आणि लोक तरीही हजारोंनी बसत. दुसऱ्याला टोचण्याचा अधिकार त्यांनी दिवसभर खराटा चालवून मिळवलेला होता. तुमचा जलसेवाला शाहीर ज्या दुःखाचे गाणे गातो ते दुःख त्याने भोगलेले आहे, म्हणून त्याचाही अधिकार मी मानतो. ज्याने झाडले नाही आणि भोगलेही नाही, तो नुसत्या टाळीसाठी टोचतो, तेव्हा माझा जीव खवळतो.

मास्तर : अधिकार मिळवण्याची अट मला पटते, आणि तिच्यामुळे एक जुने कोडेही सुटते. गंगाराम गवाणकरांचे 'वस्त्रहरण' १९८० साली आले. मच्छिंद्र कांबळी आणि त्यांच्या सोबत्यांनी मालवणी मुलखातल्या गावकऱ्यांची नाटक बसवण्याची धांदल मालवणी बोलीत, मालवणी शिव्यांसकट रंगवली, आणि त्या मुलखातलेच लोक पुन्हा पुन्हा येऊन पोट धरून हसले. तेच उच्चार, त्याच शिव्या एखाद्या बाहेरच्या नटाने केवळ गावंढळपणा दाखवण्यासाठी तोंडी घेतल्या असत्या, तर त्याच लोकांनी रंगमंचावर नारळ फोडण्याऐवजी दुसरे काही फोडले असते. परंतु बुवा, आपण आता अशा नाटकाकडे या, जिथे नटही त्याच समाजाचे होते, अधिकारही होता, आणि तरीही वादळ उठले. 'घाशीराम कोतवाल'.

बुवा : त्या नाटकाने मी स्वतः दुखावलो आहे, हे लपवून ठेवण्यात अर्थ नाही. नाना फडणवीसांच्या चरित्राविषयी ज्यांना आदर आहे त्यांना त्यातले नाना बोचले. मला त्याहून एक गोष्ट अधिक बोचली. ज्या ओठांनी हरिनाम घ्यायचे त्याच ओठांनी पुढच्या क्षणी लावणीचा ठेका धरायचा, ज्या टाळांनी आम्ही देव आळवतो त्यांच्या तालावर एका मुलीचा विक्रय चालायचा. माझ्या पूजेतली भांडी कोणी बाजारात मांडावी तसे मला झाले.

मास्तर : आपली वेदना खरी आहे, आणि ती मी कोणत्याही भाषणाने खोटी ठरवणार नाही. पण नाटक कोणाविषयी आहे, हे त्याच ठेक्यावरून कळते. १६ डिसेंबर १९७२ रोजी पुण्यात जब्बार पटेलांच्या दिग्दर्शनाखाली ते प्रथम उभे राहिले, तेव्हा रंगमंचावर ब्राह्मणांची एक रांग डोलत उभी होती. ती कधी भिंत होई, कधी जनता होई, कधी पडदा होई. ती रांग नामही घेते आणि अन्यायाला आड होऊन उभीही राहते. हरिनामाची विटंबना नाटक करीत नाही. हरिनाम घेत घेत दुसरीकडे तोंड फिरवणाऱ्या माणसाकडे ते बोट दाखवते. भास्कर चंदावरकरांचे संगीत ऐकत प्रेक्षकही तालावर मान डोलावू लागतो, आणि मग त्याला जाणवते की आपणही त्या रांगेतच उभे आहोत. हे बोट एका जातीवर थांबत नाही. सत्तेने वाढवलेला आणि सत्तेनेच बळी दिलेला घाशीराम कोणत्याही राज्यात सापडतो. एकोणीस प्रयोगांनंतर ते सादर करणाऱ्या नाट्यसंस्थेनेच ते थांबवले. नटांनी ते सोडले नाही. वेगळी थिएटर अकॅडमी उभारली, १९७४ मध्ये पुन्हा पडदा वर नेला, आणि पुढे ते नाटक युरोपातही गेले. प्रेक्षकांनी ते पाहिले, त्यावर रागावले, वाद घातले. एवढ्याने नानांची स्मृती मिटली नाही, आणि पुणेही बुडाले नाही.

बुवा : मी रागावलो, परंतु मी ते पाहून रागावलो. हल्ली न पाहता रागावणारे पुष्कळ झाले आहेत, त्यांच्या पंक्तीला मला बसवू नका. राम गणेश गडकऱ्यांना जाऊन जवळजवळ शंभर वर्षे झाली होती, आणि 'राजसंन्यास' हे त्यांचे अपुरे राहिलेले नाटक. त्यातल्या मजकुरावरून २०१७ साली पुण्याच्या संभाजी उद्यानातला त्यांचा पुतळा रातोरात उखडण्यात आला. त्या कृत्याचे समर्थन माझ्या म्हणण्यातून निघत असेल, तर माझे म्हणणेच मला पुन्हा मांडावे लागेल.

मास्तर : ते पुन्हा मांडण्यासाठी एक माप नागपुरात पूर्वीच तयार झालेले आहे. नागपूर हायकोर्टाचे न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर एका निकालात असे धरले की, शब्दांचा परिणाम पाहताना समंजस, खंबीर आणि धीट मनाचा माणूस डोळ्यांपुढे ठेवावा. जागोजागी धोका पाहणारे डळमळीत मन प्रमाण मानू नये. पुढे सुप्रीम कोर्टानेही तेच माप उचलून धरले, आणि दंगलीची धमकी हे कलाकृती दडपण्याचे कारण होऊ शकत नाही असे १९८९ साली स्पष्ट केले. जो प्रयोगाला आला, ज्याने तो शेवटपर्यंत पाहिला, त्याच्या मनाची जबाबदारी माझ्यावर. जो दारातही आला नाही, त्याच्या रोषाला मी बांधील नाही.

बुवा : हे माप मला मान्य, परंतु ते कोर्टाचे माप झाले. सभेपुढे उभे राहणाऱ्याला त्याहून नाजूक तराजू हवा. कोर्ट इतकेच सांगते की तुम्ही गुन्हा केलेला नाही. तुम्ही सभ्यपणे वागलात की नाही, हे कोर्ट सांगत नाही. म्हणून माझ्या अटी मी सांगतो. पहिली अशी की, संहितेत जे तोलून-मापून लिहिले आहे तेच बोलावे. दौऱ्यावर गेल्यावर त्या गावच्या नावावर, तिथल्या एखाद्या जातीवर, पहिल्या रांगेत बसलेल्या कोणा बाईच्या दागिन्यांवर ऐन वेळी पदरची वाक्ये घालण्याची जी खोड तुमच्या नटांना असते, ती बहुतेक दुखापतींचे मूळ आहे. ते वाक्य कोणी तपासलेले नसते, त्यामागे विचार नसतो, आणि ज्याच्यावर ते पडते त्याला उत्तर देण्याची सोय नसते. दुसरी अशी की, प्रयोगात काय आहे याची आगाऊ कल्पना द्यावी. हिंसा असेल, अत्याचार असेल, तर जाहिरातीत आणि दारावर तसे स्वच्छ लिहावे, म्हणजे ज्याच्या जिवावर तसे काही बेतलेले आहे त्याला न येण्याचे स्वातंत्र्य राहील, आणि जो आत येईल तो जाणूनबुजून येईल.

मास्तर : दोन्ही अटी मी आजपासून माझ्या म्हणून घेतो. पदरच्या वाक्यांविषयी तर तमाशातल्या सोंगाड्याकडून शिकण्यासारखे आहे. बतावणीत तो पाटलाला बोलतो, सरकारला बोलतो, गवळणींच्या मावशीला छेडतो, पण पुष्कळदा कोटीचा शेवट स्वतःवर करतो. ज्याला हजरजबाबीपणाचीच हौस आहे, त्याने तेवढे पथ्य पाळावे. माझ्या बाजूने मी तिसरी अट घालतो. प्रयोगानंतर नटाने आणि दिग्दर्शकाने प्रेक्षकांना भेटावे, ज्याला लागले असेल त्याला बोलू द्यावे, आणि त्याचे पूर्ण ऐकल्यावाचून उत्तर देऊ नये. विरूपाक्षाला ब्रह्मदेवाने दिली तेवढी संधी आपण आपल्या प्रेक्षकाला का नाकारावी? परंतु ती संधी प्रयोगानंतरची असावी. प्रयोगाआधी कात्री घेऊन कोणी माझ्या दाराशी उभे राहू नये.

बुवा : प्रयोगानंतर तुम्ही ऐकायला उभे राहत असाल, तर प्रयोगाआधी कात्री मागण्याचे मला कारण उरत नाही.

या दोघांचे पूर्ण एकमत झाले असे मी म्हणणार नाही. बुवांच्या मते सभेला नमस्कार हा आरंभ आहे आणि मर्यादाही आहे. मास्तरांच्या मते तो आरंभ आहे, मर्यादा मात्र नाट्याच्या सत्यानेच घालावी. तरीही दोघांच्या बोलण्यातून माझ्यापुरता एक निर्णय निष्पन्न झाला आहे. ज्या टोचणीने सबंध सभा, तीत नटही आला, एकदम अस्वस्थ होते, ती टोचणी सोसणे हे प्रेक्षकाचे कर्तव्य आहे, आणि ती बोथट करण्याचा अधिकार सरकारला, संस्थेला किंवा जमावाला असू नये. ज्या टोचणीने सभेतली काही माणसे त्यांच्या देहामुळे, जातीमुळे, बोलीमुळे किंवा दैवामुळे वेगळी काढली जातात, आणि उरलेल्यांना त्यांच्यावर हसण्याचा परवाना मिळतो, ती टोचणी टाळणे हे नटाचे कर्तव्य आहे, मग तिला कायद्याने कितीही संरक्षण असो. 'शारदा', 'कीचकवध', 'घाशीराम' ही नाटके पहिल्या जातीची आहेत; तोतऱ्या नोकरावर उभे राहिलेले फार्स दुसऱ्या जातीचे. या दोहोंतला भेद कचेरीत बसून ठरवता येत नाही, कारण तो कागदावर दिसत नाही. तो नटाने तालमीत आणि प्रेक्षकाने आपल्या खुर्चीत बसून ठरवायचा असतो.

म्हणून रंगमंचावर जाणाऱ्या प्रत्येकाला माझी विनंती आहे की, वाक्य उच्चारण्याआधी सभेतला सर्वांत दुबळा मनुष्य कोण याचा विचार करावा, आणि ते वाक्य सर्वांत बलवंत मनुष्याच्या कानी पडेल अशा आवाजात बोलावे. प्रेक्षकांनाही विनंती आहे की, रागावण्याआधी प्रयोग पाहावा, तो शेवटपर्यंत पाहावा, आणि रागावल्यावर उत्तर द्यायचे ते शब्दांनी द्यावे.